सेवा घेण्याचा आचार



गेल्या भाद्रपद शुद्ध द्वितीयेला स्वामींच्या अवतारदिनाचे निरूपण आटोपले, उपहार झाला, मंडळी पांगली. आणि एक उपदेशी बाई भिंतीला टेकून बसून राहिल्या. वय एकोणऐंशी. गुडघे गेलेले. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या आमच्या स्थानी येत आहेत. सगळे गेल्याचे पाहून त्या म्हणाल्या, "बाबा, आता मला मार्गात घ्या. दोन घास मिळाले तरी पुरे. घरात माझं ओझं झालंय."

मी विचारले, "आई, कोण म्हणतं तसं?"

"कोणी म्हणत नाही. तेच तर. कोणी काही म्हणत नाही."

मग हळूहळू सारे बाहेर आले. दोन खोल्यांचे घर, माणसे पाच. सून अंगणवाडीत जाते, पहाटे उठते. रात्री सासूला दोनदा उठवून न्यावे लागते, तेही तिलाच. म्हणून बाईंनी दुपारी चारनंतर पाणी पिणे बंद केले आहे. रक्तदाबाची गोळी त्या एक दिवसाआड घेतात. तेवढेच पैसे वाचतात. हे घरात कोणाला ठाऊक नाही. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीसे समाधान होते, जणू काही व्रत चालविले आहे.

मी हादरलो तो त्यांच्या मागणीने नव्हे, त्या पाण्याने. ज्या बाईने आयुष्यात मुंगी चिरडू नये म्हणून पाय जपून टाकला, तिला स्वतःच्या देहाची ही सावकाश चाललेली हिंसा हिंसा वाटत नव्हती.

हा प्रश्न एका घरचा नाही. २०१७ च्या अखेरीस मुंबईतील एका वृद्ध, निपुत्रिक दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची अनुज्ञा मागितली होती, हे वाचकांना स्मरत असेल. त्या दोघांना दुर्धर रोग नव्हता. आता आपला कोणाला उपयोग नाही आणि पुढे परावलंबी व्हावयाचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांतून त्यावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु त्या पत्रात आणि आमच्या बाईंच्या न प्यालेल्या पाण्यात मला फार अंतर दिसत नाही. एकाने दार उघडपणे ठोठावले, दुसरी मागच्या दाराने निघाली आहे, एवढाच भेद.

तेव्हा विचार करावयाचा तो या 'ओझे' शब्दाचा. आपल्या दृष्टांत-दार्ष्टांतिक पद्धतीने पाहू. शेतातून वैरणीचा भारा आणणारी बाई बांधावर उभी राहते आणि वाटेने जाणाऱ्याला म्हणते, "जरा हात लाव." तो हात लावतो, भारा तिच्या डोक्यावर चढतो, ती चालू लागते. भारा कोणी वाहिला? तिनेच. हात लावणाऱ्याने क्षणभर कंबर वाकविली इतकेच. मात्र त्याच्यावाचून भारा चढला नसता. आता दार्ष्टांतिक. भारा म्हणजे हा जीर्ण देह. गुडघ्याची कळ बाईंनाच सोसावी लागते, रात्रीची जाग त्यांचीच, जवळ येणाऱ्या मरणाची चाहूलही त्यांचीच. त्यातले कणभरही सुनेला वाहून नेता येत नाही. सून करते ते हात लावण्याचे काम. मग ओझे वाहणारी कोण? जी स्वतःचे ओझे स्वतः वाहते आहे तिनेच स्वतःला दुसऱ्याचे ओझे म्हणावे, हा विपरीत बोध आहे.

हा विपरीत बोध येतो कोठून? माझ्या मते तो अहंतेतून येतो, आणि हे वाक्य मी भीत भीत लिहितो, कारण ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसे अत्यंत निगर्वी असतात. अहंता म्हणजे केवळ 'मी मोठा' असे नव्हे. 'मी देणारा' हीदेखील अहंताच. ज्याने पन्नास वर्षे घराला वाढले, त्याच्या पानात कोणी वाढू लागले की त्याचा जीव गुदमरतो. त्याला तो विनय वाटतो. वस्तुतः देणाऱ्याची जागा सुटल्याचे ते दुःख असते. जन्मभर जपलेली ही अहंता गळून पडण्याचा योग वार्धक्याने आपण होऊन आणलेला असतो, आणि आपण त्याच वेळी दार लावून घेतो.

आता आपल्या मार्गाकडे पाहा. स्वामींनी साधकाला उपजीविका कोणती सांगितली? भिक्षा. व्यापार नाही, शेती नाही, संग्रह नाही. घर न निवडता, पदार्थ न निवडता, परक्याच्या दारी उभे राहावयाचे आणि तो जे घालील ते घ्यावयाचे. धडधाकट तरुण भिक्षुकाला हे सांगितले आहे. त्याच्या हातापायांत बळ होते. तो कष्ट करून खाऊ शकला असता. तरी त्याला घेणारा केले, कारण घेण्याने जी अहंता झिजते ती देण्याने झिजत नाही. दुसऱ्याच्या अन्नावर जगणे हा दोष असता तर आम्ही भगवी, काळी वा पांढरी वस्त्रे लेवून हिंडणारे सर्वच सर्वांत मोठे दोषी ठरतो. वाचकहो, ज्या साधूला आपण आदराने भिक्षा घालता, त्याने आपले ओझे मानून दारी येणे बंद केले तर आपणास काय वाटेल? मग घरातील आईने सुनेच्या हातचे पाणी टाळले तर सुनेला काय वाटावे?

यापुढे मी वाचकांना ऋद्धिपूरला घेऊन जातो, कारण सेवा देणे आणि घेणे यांचे सर्वांत तपशीलवार चित्र आपल्या वाङ्मयात तेथलेच आहे. उत्तरापंथे जाताना स्वामींनी आपल्या परिवाराला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाण्याची आज्ञा केली. त्याप्रमाणे भटोबास, म्हाइंभट, आबाइसा, महदाइसा आदी मंडळी ऋद्धिपुरी राहिली आणि प्रभूंच्या देहावसानापर्यंत कित्येक वर्षे त्यांची सेवा करीत राहिली. प्रथमच स्पष्ट करतो, म्हणजे कोणाचा गैरसमज होणार नाही. श्रीप्रभू हे परमेश्वर अवतार. त्यांची बालवत्, उन्मत्तवत् क्रीडा ही लीळा आहे, व्याधी नव्हे. आपल्या घरच्या वृद्धाची तुलना त्यांच्याशी करावयाची नाही. परंतु सेवकांच्या वर्तनापासून बोध घेण्यास हरकत नाही, किंबहुना त्यासाठीच ते चरित्र नोंदले गेले आहे.

त्या चरित्रात काय आहे? मोठे तत्त्वज्ञान थोडे. मर्दन, स्नान, जेवण, निद्रा, प्रभूंचे मागणे, रुसणे, रागावणे, ताट सारून देणे, पुन्हा मागणे, गावभर हिंडणे, कोणाच्याही घरी शिरणे. म्हाइंभटांसारखा शास्त्रविशारद पंडित या सेवेत उभा होता. एकदा श्रीप्रभूंनी विवाहाची प्रवृत्ती स्वीकारली. आजच्या घरात अशा वेळी काय होते ते आपण जाणतो. "काहीतरीच काय" असे म्हणून विषय मोडला जातो. ऋद्धिपुरी तसे झाले नाही. त्या मंडळींनी प्रभूंच्या प्रवृत्तीस अनुसरून विवाहाचा सोहळा मांडला आणि त्या प्रसंगी महदाइसांनी धवळे गाइले. मराठी भाषेची आद्य कवयित्री म्हणून त्यांची कीर्ती आहे ती या धवळ्यांमुळे. सेवा करणारी माणसे त्या दिवशी त्रासून बसली असती तर मराठी वाङ्मयाची ती ओवी जन्मली नसती, हे आपल्या विद्यापीठीय मंडळींनीही कधी लक्षात घ्यावे.

आणखी एक स्मृती सांगण्याचा मोह आवरत नाही. केशिराजबास संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी संस्कृतात ग्रंथरचना चालविली तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना थांबविले. कारण एकच सांगितले: त्यायोगे परिवारातील म्हाताऱ्या बाया वंचित होतील. महानुभावांचे वाङ्मय मराठीत का, या प्रश्नाचे उत्तर देताना हा प्रसंग आपण नेहमी सांगतो. पण त्यातील अर्धेच सांगतो. आचार्यांनी पंडितांच्या सोयीसाठी म्हाताऱ्यांना बाजूस सारले नाही. म्हाताऱ्यांसाठी पंडिताची लेखणी वळविली. एका अर्थाने आपले सारे शास्त्र त्या म्हाताऱ्यांच्या उशापाशी ठेवलेले आहे. ज्या पंथात वृद्धेची गरज भाषेचा निर्णय करते, त्या पंथातील वृद्धेने स्वतःला निरुपयोगी म्हणावे हे शोभत नाही. हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्या प्रथमच हसल्या.

आता प्रश्नाच्या कठीण भागाकडे येतो. देहत्याग आपण होऊन करावा काय? आपल्या शास्त्रात याला जागा नाही. ईश्वरधर्माच्या आचरणास अधिकारी असा हा मनुष्यदेह जीवाने आपल्या कर्तृत्वाने घडविलेला नाही. तो मोडण्याचा अधिकारही त्याच्याकडे नाही. स्वामींच्या आश्रयास आलेला ससा पारध्यांनी मागितला, तो स्वामींनी दिला नाही; शरण आलेल्याला द्यावयाचे नसते. हा देहही जीवाच्या आश्रयाने राहिलेला एक मुका प्राणीच समजा. संकोच नावाचा पारधी तो मागत आहे म्हणून आपण तो काढून द्यावा काय? एकांतात, अपरिचित ठिकाणी, झाडातळी जन्म घालवावा अशी आज्ञा साधकाला आहे, ती पुढे करून एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले होते, "मग मीही कोठेतरी जाऊन पडतो." त्यांना मी म्हटले, ती आज्ञा जन्म लावण्याची आहे, जन्म टाकण्याची नाही, आणि ती परमेश्वराच्या ओढीने निघालेल्यासाठी आहे, घरच्यांवर रुसलेल्यासाठी नाही. पवनार येथे १९८२ च्या नोव्हेंबरात आचार्य विनोबांनी अन्न व औषध घेणे थांबविले, त्याचाही दाखला कित्येक देतात. त्या थोर पुरुषाविषयी निर्णय देण्याचा अधिकार माझा नव्हे. आपल्या पंथास तो आचार सांगितलेला नाही, इतकेच म्हणतो.

परंतु, आणि येथे भाविक मंडळी गोंधळतात, मरण ओढवून घेणे वेगळे आणि येणाऱ्या मरणाच्या वाटेत यंत्रे आडवी न लावणे वेगळे. जेथे वैद्यांनीच बरे होण्याची आशा सोडली आहे, तेथे केवळ श्वसनयंत्राने छाती हलती ठेवण्यास 'नको' म्हणणे ही आत्महत्या नव्हे. देह आपल्या गतीने जात असता त्यास जाऊ देणे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ च्या निर्णयात हा भेद मान्य केला आणि शुद्धीवर असताना तशी इच्छा लिहून ठेवण्याची मुभा दिली. त्याची प्रक्रिया फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू आप्तांची नावे त्यात घालावयाची असतात. आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर वैद्यांची दोन मंडळे विचार करतात, कोणा एकाच्या लहरीवर ते चालत नाही. विषारी सुई देऊन मरण घडविणे मात्र आजही बेकायदेशीरच आहे, आणि असावे असेच माझे मत.

उपदेशी मंडळींनी असा लेख करून ठेवावा काय? करावा, माझी हरकत नाही. पण लिहिण्यापूर्वी स्वतःला एक विचारावे. मी हे कशासाठी लिहीत आहे? अखेरच्या घटका नामस्मरणात जाव्यात, अतिदक्षता विभागाच्या काचेआड नव्हे, यासाठी लिहीत असेन तर ते साधकाचे लिहिणे होय. मुलाचा खर्च वाचावा म्हणून लिहीत असेन, तर लेखणी खाली ठेवून आधी मुलाशी बोलावे. बहुधा त्या मुलालाही काही बोलावयाचे असते आणि तोही आईला दुखवावयाचे नाही म्हणून गप्प असतो. साधी गोळी आणि भांडेभर पाणी यांना 'नको' म्हणणे तर या लेखाच्या कक्षेतच येत नाही. ते यंत्र नव्हे.

याच संदर्भात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांचे उदाहरण आठवते. नोव्हेंबर १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर त्या बेशुद्धप्राय अवस्थेत त्याच रुग्णालयात ४२ वर्षांच्या जवळपास राहिल्या. त्यांचे पोषण थांबवावे असा अर्ज बाहेरून न्यायालयात झाला, तो ७ मार्च २०११ रोजी नामंजूर झाला. तेथील परिचारिकांचे म्हणणे एवढेच होते की आम्ही तिचे करतो आहोत आणि करीत राहू. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी ते केले. ज्या परिचारिकांनी तिला हिंडता-फिरताना पाहिलेही नव्हते, अशा पुढच्या पिढीतील मुलींनीही केले. न्यायाची बाजू कायदेपंडितांनी पाहावी. मी एवढेच पाहतो की ओझे आहे किंवा नाही हे ठरविताना सेवा करणाऱ्याला विचारावयाचे असते, आणि आपण ते कधी विचारत नाही.

आता मार्गात येण्याविषयी, म्हणजे बाईंच्या मूळ मागणीविषयी. येथे मला माझ्या हातून घडलेला एक प्रमाद सांगितला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पंच्याहत्तरीचे गृहस्थ असेच आले. "संसार पुरे झाला" असे म्हणाले. मी ते वैराग्य समजलो. भर सभेत त्यांच्या वैराग्याची प्रशंसा केली, वस्त्रे दिली. ते शांतपणे राहिले, गाठी घेऊन स्मरण करीत. मात्र त्यांची बैठक नेहमी फाटकाकडे तोंड करून असे. दोन वर्षांनी देह ठेवला. निक्षेपाच्या वेळी मुलगा आला आणि मला एकीकडे घेऊन म्हणाला, "बाबा, मी दोनदा फाटकापर्यंत येऊन परत गेलो. त्यांनी आम्हांला सोडलं, त्यांना आता आमचा विटाळ नको असं वाटलं." बाप फाटकाकडे पाहत होता आणि मुलगा फाटकाबाहेर उभा होता, मध्ये मी प्रशंसा करीत बसलो होतो. दुःखाने आलेल्या विरक्तीला परमेश्वराची ओढ समजण्याची चूक शिष्याची नसते, गुरूची असते.

म्हणून महंत मंडळींना नम्र विनंती आहे. वृद्ध माणूस मार्ग मागू लागले की वस्त्रे देण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन यावे. अटन, विजन, भिक्षा हा आचार ऐंशीव्या वर्षी देहाला झेपत नाही; मग आश्रमात राहणे म्हणजे एका घरच्या सेवेतून दुसऱ्या घरच्या सेवेत जाणे होते. तरुण भिक्षू व तपस्विनी ती सेवा करतात, आनंदाने करतात, त्याविषयी तक्रार नाही. ज्यांना खरोखर कोणी नाही त्यांच्यासाठी आश्रमाचे दार उघडेच असावे. पण ज्यांना घर आहे त्यांचा संकोच आपण पवित्र ठरवू नये.

घरच्या मंडळींसही दोन शब्द. आईबापांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ पासून आहे. न्यायाधिकरणाकडे अर्ज करून निर्वाहखर्च मिळतो. खर्च मिळतो, हात मिळत नाही. सेवेचा भार बहुतेक घरी एकाच बाईवर पडतो हे मी प्रवचनाच्या निमित्ताने गावोगाव पाहिले आहे. आईच्या वर्णनावर सभेत डोळे पुसणारे पुत्र रात्री दोन वाजता उठत नाहीत. सुनेचा थकवा हा अपराध नव्हे. तिला एकटी ठेवणे हा आहे. आणि वृद्धांशी बोलावे. "तुमचं काही ओझं नाही" असे तोंडदेखले बोलणे त्यांना कळते. त्यापेक्षा "आज मी थकले आहे, आज रात्री हे उठतील" असे खरे सांगितलेले त्यांना पटते.

बाईंच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आणि आईसमक्ष पाण्याची गोष्ट सांगितली. तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने आईला विचारले, "किती दिवसांपासून?" त्यांनी उत्तर दिले नाही. माघारी जाताना त्याने वाटेत थांबून पाण्याची बाटली घेतली आणि ती संपेपर्यंत गाडी हलविली नाही, असे नंतर कळले. आता रात्रीची एक पाळी तो उठतो.

चैत्री पौर्णिमेला दोघे पुन्हा दर्शनास आले. बाई चाकाच्या खुर्चीत होत्या. त्यांनी पुन्हा मार्ग मागितला. या वेळी ओझ्याचा शब्द निघाला नाही. स्मरणाला घरात निवांत जागा मिळत नाही, एवढेच म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, आईची इच्छा असेल तर द्या, आम्ही दर पंधरवड्याला येऊ." मी पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी जाणार आहे. सुनेशी माझे अद्याप बोलणे झालेले नाही.